भरती महाडपर्यंत येते

प्रश्न : पक्षी पाहायचे म्हटलं की जो तो आम्हाला अलिबाग, श्रीवर्धन, नाहीतर कर्नाळा सुचवतो. हाताशी एक रविवार आणि सोबत पोरं. महाड-पोलादपूरच्या आसपास खाडीकिनाऱ्याचे पक्षी दिसतील का?
– एक वाचक, महाड

उत्तर : दिसतील की! बाणकोटला आत शिरलेलं भरतीचं पाणी सावित्रीतून दासगाव ओलांडून थेट तुमच्या शहराशी येतं. पावसाळ्यातल्या पुरात ही भरती काय करते, ते महाडकरांना मी सांगायला नको. ऑक्टोबरनंतर मात्र तिचे उपकार मानावेत, कारण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर उत्तरेकडून आलेले पाहुणे उतरतात.

जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत पाणी पोहोचायला आणखी वेळ लागतो, तो धरायचा. माझं मत विचाराल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची सकाळ धरा. पहाटे ओहोटी, चिखल भरपूर उघडा, आणि पुढे चढतं पाणी पक्ष्यांना काठाकडे, म्हणजे तुमच्याकडे ढकलत आणतं.

दासगावच्या बाजूला रस्त्यावरूनच बघा. शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवत, चिखल टोचत फिरणारा तपकिरी-पांढरा पक्षी म्हणजे तुतवार. कांदळवनाच्या फांदीवर जांभळट निळ्या पाठीचा, काळ्या डोक्याचा, लाल चोचीचा खंड्या बसलेला असेल, तर पोरांना आधी तो दाखवा. कवड्या खंड्याची तऱ्हा वेगळी. पाण्यावर हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, मान खाली, आणि मग दगडासारखा सुटतो. दहातल्या बऱ्याच वेळा रिकाम्या चोचीने वर येतो, तरी पोरं टाळ्या वाजवतात. एवढं मात्र पाळा : चिखलात किंवा पाण्यात उतरायचं नाही. सावित्रीत मगरी आहेत, आणि हिवाळ्यात त्याही काठावर ऊन खायला येतात.

दुपारनंतर पोलादपूरकडे वळा. किनाऱ्यावरच्या गावांना हे सुख नाही. खाडी आणि सह्याद्रीचा कडा त्यांना एका दिवसात इतक्या सहज साधत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंबेनळी किंवा वरंध घाटाच्या पायथ्याशी फुललेली एक सावर नाहीतर पांगारा शोधा आणि तासभर तिथून हलू नका. मैना, कोतवाल, बुलबुल, शिंजीर सगळे तिथेच येतात. दहा ठिकाणी गाडी थांबवून याच्या निम्मेही दिसत नाहीत. पावसाळ्यात शिवथरघळीकडे गेलात तर धबधब्याच्या आवाजावरही ऐकू येते ती शीळ कस्तुराची. अगदी माणसाने रमतगमत घातल्यासारखी.

पावसाबरोबरच ओढ्याकाठच्या रानात तिबोटी खंड्या वीण करायला येतो. रायगडने जिल्हापक्षी म्हणून मान दिलेला हा पक्षी जेमतेम चिमणीएवढा. मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. बीळ सापडलं तर लांबूनच परत फिरा. फोटोसाठी बिळासमोर ठाण मांडणारे आता कमी नाहीत, आणि मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणाऱ्यांचा तर मला रागच येतो.

पोरं मोठी असतील तर एक रविवार म्हसळा तालुक्यातल्या चिरगावसाठी ठेवा. तिथे पांढऱ्या पाठीची गिधाडं उंच झाडांवर घरटी करतात. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली ढोरं मेल्यावर ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे 2004 मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कळलं. भारतात 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. महाडचेच प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांची 'सिस्केप' ही संस्था यांनी चिरगावकरांना सोबत घेऊन उरलेली जपली. हिवाळा हा गिधाडांच्या विणीचा काळ. तेव्हा आधी गावात विचारा, आणि गावकरी सांगतील तेवढ्या अंतरावरूनच बघा.

दुर्बीण 8×40 ची पुरेल. पोरांच्या हाताला त्याहून जड नको.