कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान : गुणधर्म व शेतीतील उपयोग

कोळंबी, खेकडे व शेवंड यांचे मांस खाल्ले जाते आणि कवच टाकून दिले जाते. कोळंबीच्या एकूण वजनापैकी शेकडा ४० ते ५० भाग डोके व कवच यांचाच असतो. मुंबईच्या ससून डॉकसारख्या ठिकाणी, जेथे कोळंबी मोठ्या प्रमाणावर सोलली जाते, तेथे ह्या अवशेषांचे ढीग साचतात. ते लवकर कुजतात व त्यांना दुर्गंधी सुटते. वस्तुतः ह्याच कवचापासून शेतीला दोन उपयुक्त वस्तू मिळू शकतात. पहिली म्हणजे गावातच तयार होणारे खत, व दुसरी म्हणजे कारखान्यात तयार होणारे कायटोसान. ह्या दोहोंची कार्ये अगदी निराळी आहेत. हा भेद ध्यानात न घेता खरेदी केल्यास शेतकऱ्याचा पैसा व हंगाम दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो.

कवचातील घटक

सुक्या कवचात मुख्यतः तीन घटक असतात : प्रथिने, चुनखडी आणि कायटिन. कायटिन हा शर्करेपासून बनलेला लांब साखळीचा पदार्थ असून त्यात नत्राचा अंश असतो. लाकडाला व कापसाच्या धाग्याला जसा सेल्युलोजचा आधार, तसा कवचाला कायटिनचा आधार असतो. कीटकांचे बाह्य कवच व बुरशीच्या पेशींची भिंत ह्यांतही कायटिन आढळते. किंबहुना फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राकोनो ह्यांनी १८११ साली ते प्रथम अळंब्यांतूनच वेगळे केले.

कायटोसान कसे तयार होते

कवच धुऊन, वाळवून भरडतात. नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात चुनखडी विरघळवून काढतात व कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात प्रथिने काढून टाकतात. मागे राहते ते कायटिन. हे कायटिन शेकडा ४० ते ५० तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात तापविले असता त्याचे कायटोसानमध्ये रूपांतर होते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ह्या विषयावर बरेच कार्य केले आहे.

हे काम घरी किंवा अंगणात करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तीव्र कॉस्टिक सोड्याने त्वचा भाजते व डोळे कायमचे जाऊ शकतात. शिवाय उरलेले आम्ल व सोडा ओढ्यात गेल्यास पाणी दूषित होते.

गुणधर्म

कायटोसान शुद्ध पाण्यात विरघळत नाही. सौम्य ॲसेटिक आम्लात, म्हणजे शिरक्यातील आम्लात, मात्र ते विरघळते. आम्लयुक्त द्रावणात त्याच्या कणांवर धन विद्युत्भार येतो. त्यामुळे पाण्यातील गढूळ कण त्याला चिकटून खाली बसतात. पृष्ठभागावर वाळल्यावर त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. मातीत ते सूक्ष्म जीवांच्या क्रियेने विघटन पावते.

पिकावर होणारे कार्य

बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असते, हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे कायटिनचे तुकडे पानाला लागताच वनस्पती ती बुरशी आल्याची खूण समजते व आपल्या संरक्षणाची तयारी सुरू करते. भाताच्या पेशीवरील, ही खूण ओळखणारे प्रथिन जपानी शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केले. कायटोसानमुळेही वनस्पतीत अशीच तयारी होते. शिवाय काही बुरशींच्या वाढीस ते स्वतःही अटकाव करते.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. कायटोसान हे मुख्यतः रोग येण्यापूर्वी वापरावयाचे द्रव्य आहे. पिकात रोग पसरल्यावर केलेल्या फवारणीपासून फारशी अपेक्षा ठेवू नये. तसेच ते खत नव्हे; फवारणीतून मिळणारे नत्र नगण्य असते. म्हणून त्याच्या भरवशावर शेणखत किंवा रासायनिक खतांची मात्रा कमी करू नये.

वापरताना घ्यावयाची काळजी

प्रयोगांमध्ये सामान्यतः शेकडा ०.०५ ते ०.१ तीव्रतेचे, म्हणजे लिटरला अर्धा ते एक ग्रॅम शुद्ध कायटोसान असलेले द्रावण वापरलेले आढळते. बाजारातील द्रावणांची तीव्रता निरनिराळी असल्याने वेष्टनावरील प्रमाणच पाळावे. बोर्डो मिश्रण, चुन्याची निवळी किंवा अन्य अल्कधर्मी द्रव्यांत कायटोसान कधीही मिसळू नये, कारण ते फुटून गाळ बनते व पंपाची तोटी तुंबते. प्रथम थोडे द्रावण आपल्या विहिरीच्या पाण्यात काचेच्या भांड्यात मिसळून पाहावे. पांढरे तंतू दिसल्यास ते पाणी वापरू नये.

स्ट्रॉबेरीसारख्या फळांवर ह्याचा पातळ लेप दिल्यास फळ सुकण्याचे व बुरशी धरण्याचे प्रमाण कमी होते, असेही प्रयोगांत आढळून आले आहे. खाद्य फळांसाठी मात्र खाद्य दर्जाचेच कायटोसान लागते.

कवचाचे खत

गावात करता येण्यासारखे सोपे काम म्हणजे कवचाचे कंपोस्ट. कवच गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढून टाकावे, उन्हात कडक वाळवावे व कुटून बारीक करावे. नंतर भाताचा पेंढा, पालापाचोळा व शेण ह्यांच्या थरांमध्ये ते पसरावे. प्रत्येक थरावर माती टाकल्यास दुर्गंधी व कुत्र्यांचा उपद्रव टळतो. कवचात नत्र भरपूर असल्याने पेंढा व पालापाचोळा ह्यांचे प्रमाण जास्त ठेवावे.

ह्या खतातून नत्राबरोबर चुनाही मिळतो. कोकणातील जांभ्या दगडाच्या जमिनी आम्लधर्मी असल्याने तेथे हा चुना हितकारक ठरतो. ज्या काळ्या जमिनीत मुळातच चुनखडी आहे, तेथे मात्र त्याचा लाभ होत नाही.

मातीत कायटिन घातल्यास त्यावर जगणारे सूक्ष्म जीव वाढतात व मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची अंडी नष्ट करण्यास साहाय्य करतात. परंतु प्रयोगांतील मात्रा बहुधा मातीच्या वजनाच्या शेकडा एकच्या आसपास असते. वीतभर खोलीच्या मातीचा हिशेब केल्यास ही मात्रा एका गुंठ्यास सुमारे २५० ते ३०० किलो होते. सबंध शेतास हा खर्च परवडणारा नाही. रोपवाटिकेच्या लहान वाफ्यात प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. मात्र कच्चे कवच घातल्यावर लगेच पेरणी करू नये, अन्यथा निर्माण होणाऱ्या अमोनियामुळे कोवळी रोपे करपतात.

विस्तार कार्यकर्त्यांस सूचना

खत नियंत्रण आदेशात २०२१ साली जैव उत्तेजकांचा समावेश झाला आहे. म्हणून पिकाची वाढ सुधारण्यासाठी म्हणून विकली जाणारी बाटली घेण्यापूर्वी वेष्टनावर घटक, त्यांचे प्रमाण, उत्पादकाचे नाव व तारीख छापलेली आहे किंवा नाही हे पाहण्यास व पावती घेण्यास शेतकऱ्यांना सांगावे. ज्यावर कायटोसानचे प्रमाण दिलेले नाही, अशी वस्तू घेऊ नये.

पहिल्या वर्षी सर्व शेतावर फवारणी न करता दोन सारखे पट्टे आखावेत. एका पट्ट्यावर फवारणी करावी व दुसरा तसाच ठेवावा. इतर मशागत दोहोंवर एकसारखी असावी. रोगट झाडांची संख्या, मिळालेले उत्पन्न व झालेला खर्च वहीत लिहून ठेवावा. खर्च वजा जाता पहिल्या पट्ट्यातून अधिक प्राप्ती झाली, तरच पुढील वर्षी क्षेत्र वाढवावे. दुकानदाराच्या शब्दापेक्षा आपल्या शेतातील हा हिशेब अधिक विश्वसनीय होय.