ओट्यावरचे पॉइंट आणि आईचा पाट

मित्रांनो, इलेक्ट्रिकल ब्रँचला अॅडमिशन घेतली की एक गोष्ट नक्की होते. घरातला पंखा, शेजारच्या काकूंची इस्त्री आणि आत्याकडचा इन्व्हर्टर, सगळ्यांचे आपण फॅमिली डॉक्टर होतो! ट्रान्सफॉर्मरचं इक्विव्हॅलंट सर्किट आपल्याला झोपेतही काढता येतं, पण "हा बल्ब का लुकलुकतो गं?" या प्रश्नाला मात्र आपण खाली बघतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी स्वयंपाकघराचं काम निघालं. हॉलच्या बाजूची अर्धी भिंत काढून तिथे एक छोटा मधला ओटा करायचा होता, ज्याला हल्ली सगळे आयलंड म्हणतात. बाबा म्हणाले, "पॉइंट किती आणि कुठे पाहिजेत ते तू ठरव. तीन वर्षं फी भरतोय!"

मला वाटलं, यात ठरवायचं काय? दुकानात जायचं, छानशी प्लेट निवडायची, झालं. सुरुवात म्हणून आईला विचारलं, "तुला काय पाहिजे?" ती म्हणाली, "मला काही नको. मिक्सरपाशी माझा पाट ठेवायला तेवढी जागा राहू दे."

हा पाट म्हणजे आपला जेवायला बसायचा लाकडी पाट. आमचा मिक्सर जुना, स्टीलच्या बॉडीचा. त्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. मग कोणीतरी आईला सांगितलं, लाकडावर उभं राहायचं. तेव्हापासून ती पाटावर उभी राहून चटणी वाटते. मी हे लहानपणापासून बघत आले. आणि तीन वर्षं इलेक्ट्रिकल शिकूनही मला एकदासुद्धा प्रश्न पडला नव्हता, की हे असं का?

तर हा लेख त्या प्रश्नापासून सुरू होतो.

तिसरं भोक

आपल्या सॉकेटला तीन भोकं असतात. खालची दोन फेज आणि न्यूट्रलची, वरचं मोठं अर्थिंगचं. लॅबमध्ये आपण शिकतो की फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट मिळाले पाहिजेत, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे. वायरमन काकांना शेजारी उभं करून मी मिक्सरच्या सॉकेटला मल्टीमीटर लावला. फेज-न्यूट्रल व्यवस्थित. फेज-अर्थ बघितलं, तर आकडा एका जागी थांबेचना. नुसता नाचत होता.

मेन स्विच बंद करून काकांनी प्लेट उघडली. अर्थिंगच्या स्क्रूला काहीच नव्हतं. हिरवी वायर पाइपमधून आलेलीच नव्हती!

काका म्हणाले, "ताई, जुन्या बिल्डिंगींत असं लई ठिकाणी दिसतं. वरचं भोक नुसतं शोभेला."

आता थिअरी बघू. मोटर जुनी झाली, आत ओल गेली, की तिच्या इन्सुलेशनमधून थोडा करंट बॉडीपर्यंत झिरपतो. अर्थिंग असेल तर त्याला जमिनीत जायला सोपी वाट मिळते. अर्थिंग नसेल तर तो बॉडीवर वाट बघत बसतो, कोणाचा तरी हात लागण्याची. पाट काय करतो? पायाखालच्या वाटेचा रेझिस्टन्स वाढवतो, एवढंच. पण एक हात मिक्सरवर आणि दुसरा हात सिंकच्या लोखंडी नळावर पडला तर? मग करंट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जाणार. तिथे पाटाचा काही उपयोग नाही. आमच्या जुन्या ओट्यावर मिक्सर आणि नळ यांच्यात जेमतेम दीड फूट अंतर होतं. हे लक्षात आल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

जाता जाता व्हायवाचा एक प्रश्न: थ्री-पिन टॉपची अर्थिंगची पिन लांब आणि जाड का असते? लांब यासाठी, की टॉप घालताना अर्थिंग सर्वांत आधी जोडलं जावं आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावं. जाड यासाठी, की ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. एवढा विचार करून बनवलेली पिन आपण रिकाम्या भोकात घालतो, याला काय म्हणावं!

म्हणून नियम पहिला: सॉकेट कोणतंही निवडा, त्याच्या मागे हिरवी वायर आहे का हे आधी बघा. टाइल्स लागल्यावर नाही, लागायच्या आधी.

आधी यादी, मग सॉकेट

आपल्याकडे घरात दोन प्रकारची सॉकेट्स असतात, ६ अँपिअर आणि १६ अँपिअर. जुनी माणसं आणि दुकानदार अजून त्यांना "पाच" आणि "पंधरा" म्हणतात. याचं भारतीय स्टँडर्ड आहे आयएस १२९३. सॉकेट घेताना आयएसआयचा शिक्का आणि हा नंबर दोन्ही बघावं.

आता साधा गुणाकार करू. ६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १३८० वॅट. १६ गुणिले २३० म्हणजे ३६८० वॅट. म्हणजे ज्या वस्तूवर १३८० वॅटपेक्षा जास्त लिहिलंय, तिला साधा पॉइंट चालणार नाही. मी घरातल्या प्रत्येक वस्तूच्या मागचं लेबल वाचून यादी केली:

मिक्सर, ७५० वॅट: ३.३ अँपिअर
मायक्रोवेव्ह, १२५० वॅट: ५.४ अँपिअर
इलेक्ट्रिक किटली, १५०० वॅट: ६.५ अँपिअर
इंडक्शन शेगडी, २००० वॅट: ८.७ अँपिअर

यात दोन गमती आहेत. किटली एवढीशी दिसते, पण ६ अँपिअरच्या वर जाते. आणि मायक्रोवेव्हच्या खोक्यावर "८०० वॅट" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी ती अन्नाला मिळणारी पॉवर असते. तो सॉकेटमधून घेतो ती पॉवर जास्त असते आणि ती मागच्या लेबलवर बारीक अक्षरात सापडते.

सकाळी डब्याच्या गडबडीत हे चारही एकदम चालू असू शकतं. बेरीज ५५०० वॅट, म्हणजे जवळजवळ २४ अँपिअर. आमच्या जुन्या ओट्यावर होतं एकच पॉवर सॉकेट आणि त्यात खोचलेला मल्टीप्लग! मल्टीप्लगमुळे भोकं वाढतात, मागची वायर काही जाड होत नाही.

प्लेटच्या मागे

दुकानात आपल्याला दिसते फक्त प्लेट. पण खरं सॉकेट म्हणजे एका लांब सर्किटचं शेवटचं टोक. एमसीबी, वायर आणि सॉकेट ही तिघं एकमेकांना शोभली पाहिजेत, पत्रिका जुळवल्यासारखी!

आम्ही काकांशी चर्चा करून असं ठरवलं. इंडक्शनला स्वतंत्र सर्किट: तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी. मायक्रोवेव्ह आणि मिक्सरच्या बाजूला ४ चौरस मिलिमीटर वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी. मधल्या ओट्याला तिसरं सर्किट, पहिल्यासारखंच. तिन्हींबरोबर हिरवी वायर त्याच जाडीची. लक्षात ठेवा, एमसीबी वायरला वाचवतो. तो सारखा पडतो म्हणून त्याजागी मोठा बसवला तर पडायचा थांबेल, पण मग आधी वायर तापेल.

बाबांनी वीजबिलावरचा "मंजूर भार"सुद्धा तपासला. इंडक्शन किंवा ओव्हन नवीन घेणार असाल तर हे जरूर करा.

मग सॉकेटच्या आतल्या पत्र्यांकडे वळू. दुकानात एक "युनिव्हर्सल" सॉकेट मिळतं, ज्यात देशोदेशीच्या पिना जातात. मोबाइलच्या चार्जरला ते ठीक आहे. पण सगळ्यांना जागा देणारं भोक कोणालाच घट्ट धरत नाही. समजा कॉन्टॅक्ट सैल होऊन तिथे फक्त ०.१ ओहम रेझिस्टन्स तयार झाला. मिक्सरच्या ३.३ अँपिअरला आय-स्क्वेअर-आर काढा: साधारण १ वॅट. काही बिघडत नाही. आता इंडक्शनचे ८.७ अँपिअर घाला: साडेसात वॅट. आपल्या लॅबमधल्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचा जवळजवळ तिसरा हिस्सा, तोही प्लॅस्टिकच्या डबीत आणि तासभर! टॉप काळा पडतो, वास येतो, तो इथूनच.

म्हणून जड वस्तूंना १६ अँपिअरचं, शटर असलेलं, टॉप घट्ट धरणारं सॉकेट घ्या. दुकानात टॉप घालून-काढून बघायला लाजू नका. आणि प्रत्येक सॉकेटला स्वतःचा स्विच हवा, तोही फेजवर.

जागा कुठली?

इथे आईला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. मी भिंतीवर खडूने चौकोन काढले आणि ती एकेक पुसत गेली. "इथे फोडणी उडते." "इथे भांडी निथळत ठेवते." "हा शेगडीच्या पलीकडे आहे, वायर जाळावरून जाईल." शेवटी जे उरलं ते असं:

सिंकपासून निदान दोन फूट लांब. शेगडीच्या बरोबर वर किंवा मागे एकही नाही. ओट्याच्या पृष्ठभागापासून सहा-आठ इंच वर, म्हणजे ओटा धुताना पाणी आत जाणार नाही आणि टॉपची वायरही दुमडणार नाही. फ्रीजचा स्विच फ्रीजच्या मागे नाही, बाजूला, हात पोचेल असा.

आणि एक अतिशय महत्त्वाचं. गॅस सिलिंडर ज्या कप्प्यात आहे त्यात किंवा त्याच्याजवळ खाली कुठलाही स्विच किंवा सॉकेट नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली, जमिनीलगत साठतो. स्विच दाबताना होणारी बारीकशी ठिणगीसुद्धा मग पुरेशी ठरते.

मधला ओटा

मधल्या ओट्याला भिंतच नसते, हीच त्याची अडचण. वायर जमिनीतून आणावी लागते, म्हणून फरशी बसायच्या आधी पाइप टाकून ठेवायला हवा. आम्ही जरा मोठ्या व्यासाचा पाइप टाकला, पुढे वायर वाढवायची झाली तर फरशी फोडायला नको.

बाबांना दाबल्यावर वर येणारं पॉप-अप सॉकेट आवडलं होतं. दिसायला एकदम फॉरेनचं! मी आयपी रेटिंग बघितलं. आयपी ४४ मधला पहिला आकडा घन वस्तूंसाठी, दुसरा पाण्यासाठी. दुसरा ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण. पण हे आकडे बहुतेक वेळा झाकण बंद असतानाचे असतात. आणि आपल्याकडे ओट्यावर काय काय होतं? कणिक मळतो, दूध उतू जातं, शेवटी ओला फडका फिरतो. आम्ही तो बेत सोडला आणि ओट्याच्या बाजूच्या उभ्या फळीवर, ग्रॅनाइटच्या पुढे आलेल्या कडेखाली सॉकेट घेतलं. वरून सांडलेलं पाणी कडेवरून खाली पडतं, आत जात नाही. फक्त ते हॉलच्या बाजूला नाही, काम करणारा उभा राहतो त्या बाजूला घेतलं. कारण हॉलच्या बाजूला किटलीची वायर लोंबकळली, तर घरी आलेलं लहान मूल ती ओढणारच.

खट्!

सगळ्यात शेवटी डिस्ट्रिब्युशन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. याचं तत्त्व फार सुंदर आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. फरक पडला म्हणजे करंट दुसरीकडून कुठेतरी जातोय. फरक ३० मिलिअँपिअर झाला की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात सप्लाय तोडतो. अर्थिंग नसतानाही तो काम करतो, पण तेव्हा तो फरक पडायला कोणाला तरी शॉक लागावा लागतो. अर्थिंग असेल तर हात लागायच्या आधीच तो पडतो. म्हणून दोन्ही हवं. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. अर्थात हे सगळं काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. आपण थर्ड इयरचे आहोत, अजून अमर झालेलो नाही!

काम संपलं. आईने नव्या ओट्यावर जुना मिक्सर ठेवला, टॉप घातला, स्विच दाबला आणि खट्! आरसीसीबी पडला. परत लावला, परत खट्. आई म्हणाली, "बघ, तुझं नवीन वायरिंग बिघडलं. जुन्यावर चालत होता की!"

मिक्सर दुरुस्तीवाल्याकडे नेला. मोटर उघडली तर आत कार्बन ब्रशची काळी पूड आणि ओल यांचा थर बसला होता. करंट त्यावरूनच बॉडीवर येत होता. वायरिंग बिघडलेलं नव्हतं. ते पहिल्यांदाच खरं बोलत होतं. इतकी वर्षं आई आणि अपघात यांच्यामध्ये फक्त एक इंच लाकूड होतं.

मित्रांनो, सॉकेट निवडणं म्हणजे प्लेटचा रंग निवडणं नाही. त्यावर काय चालणार, मागे काय आहे आणि समोर कोण उभं राहणार, हे तीन प्रश्न आहेत. सुट्टीत घरी गेलात की एकदा ओट्यापाशी जा. आई मिक्सर लावताना चप्पल घालते का, फ्रीजला फडक्याने हात लावते का, ते बघा. घालत असेल तर "सवय आहे तिची" म्हणून सोडून देऊ नका.

आमचा पाट आता धुऊनपुसून माळ्यावर ठेवलाय. भाऊबीजेला काढायचा.