घरापुढील हिरवळींतील तण काढण्याचा हंगाम

हरळीचें नांव काढतांच ज्याच्या कपाळास आठी पडत नाहीं असा शेतकरी राळेगांव तालुक्यांत सांपडावयाचा नाहीं. पऱ्हाटींत शिरलेली हरळी खणतां खणतां गडी थकतात, आणि एखादें कांडें मागें राहिलें तरी पुढील सालीं ती पुन्हा हजर होते. तीच हरळी आतां आपण घरापुढें हौसेनें लावूं लागलों आहों. पक्कीं घरें झालीं, कुंपणें झालीं, आणि गुंठा-अर्धा गुंठा हिरवळ राखण्याची आवड वाढली. यांत विसंगति कांहीं नाहीं. जें झाड नको त्या जागीं उगवतें तें तण, एवढाच तणाचा अर्थ आहे. परंतु शेतांत निंदण-डवरणीची जी वेळ आपण कसोशीनें पाळतों, ती अंगणांत पाळीत नाहीं. पोळा होऊं द्या, मग पाहूं, असें म्हणतां म्हणतां तण आपलें बीं टाकून मोकळें होतें. आणि तें बीं अंगणांतच राहतें असें नाहीं. वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, गुरांच्या खुरांस लागून आणि उकिरड्यांतील खताबरोबर तें वावरांत जातें. यासाठीं हा विषय केवळ हौसेचा समजूं नये.

तण दोन जातींचें असतें, व त्यांचे हंगामहि वेगळे. एक जात बियांवर जगणारी. केना, दुधी, गोखरू, माठ, घोळ आणि सर्वांत दुष्ट तें गाजरगवत, हीं सर्व या जातींत येतात. गाजरगवत मूळचें अमेरिका खंडांतील असून आपल्या देशांत १९५५ च्या सुमारास पुण्यांत त्याची प्रथम नोंद झाली, आणि तेथून तें देशभर पसरलें. त्याचें एक झाड दहा हजारांहून अधिक बियां टाकूं शकतें. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज सुटते व चामडी काळवंडते. म्हणून तें उघड्या हातांनीं उपटूं नये.

या जातीच्या बंदोबस्ताचें सूत्र एकच, फूल दिसण्यापूर्वीं काढणें. मृग ८ जूनच्या आगेमागे लागतो. पहिला जमीन भिजविणारा पाऊस झाला कीं आठ-दहा दिवसांत तणाची पहिली लाट उगवते. ती आर्द्रा नक्षत्रांत, जमीन ओली असतांना काढली म्हणजे मूळ सबंध येतें; ऊन पडून काळी माती आवळली म्हणजे झाड तुटतें व मूळ आंत राहतें. गाजरगवतास उगवल्यापासून सुमारें एक महिन्यांत फूल येतें. अर्थात् दोन निंदणींमध्यें तीन आठवड्यांहून, म्हणजे दीड नक्षत्राहून अधिक अंतर पडूं देतां कामा नये. पहिली निंदण आर्द्रांत झाली, तर दुसरी पुनर्वसूच्या अखेरीस वा पुष्याच्या आरंभीं आणि तिसरी आश्लेषांत आलीच पाहिजे. झड लागली तर दोन दिवस थांबावें, परंतु नक्षत्र उलटूं देऊं नये. महसुलाचा हप्ता चुकला तर दंड भरून निभावतें, हें मीं उभ्या नोकरींत पाहिलें आहे. तण मात्र मुदतवाढ देत नाहीं. काढलेलें झाड कोंवळें असेल तर खतांत जाऊं द्यावें. फुलावर आलेलें उकिरड्यावर कधींच टाकूं नये, कारण आपल्या उथळ उकिरड्यांत बीं मरण्याइतकी उष्णता सर्वत्र होत नाहीं. हिरवळीस घालावयाचें शेणखतहि पूर्ण कुजलेलेंच असावें. अर्धकच्चें खत म्हणजे तणाची पेरणी होय.

दुसरी जात जमिनींतील गाठींवर जगणारी. तिचा सरदार नागरमोथा, ज्यास लव्हाळा असेंहि म्हणतात. याला ओढून काढणें म्हणजे नुसती पात तोडणें. गाठ आंत राहते व आठवड्यांत नवी पात वर येते. याचा खरा हंगाम पावसाळा नसून वैशाख आहे. हिरवळ नव्यानें लावावयाची असेल तर वैशाखांत जागा वीतभर खोल खणून ढेकळें उलथावीं, गाठी वेंचाव्या, आणि उरलेल्या उन्हांत कोरड्या होऊं द्याव्या. वाळलेली गाठ पुन्हा फुटत नाहीं. हिरवळ आधींच लावलेली असेल तर खणतां येत नाहीं; तेथें पावसाळाभर दर पंधरवड्यास खुरप्यानें पात कापीत जावें. प्रत्येक नवी पात गाठींतील सांठ्यावर उगवते, आणि नव्या गाठी धरण्यास पातीला महिनाभर तरी ऊन लागतें. तेवढा अवकाश न दिल्यास गाठ हळूहळू रिकामी होते. काम दोन सालांचें आहे, एका सालांत उरकत नाहीं.

हरळी दाट असली म्हणजे तणास जागाच राहत नाहीं. ती पावसाळ्यांत धांवते, म्हणून मोकळ्या जागीं तिचीं कांडीं आर्द्रा-पुनर्वसूंत लावावीं. कापणी जमिनीलगत करूं नये, एक-दीड इंच पात राखावी. उघड्या मातीवर ऊन पडलें कीं तणाचें बीं जागें होतें. निंबाच्या दाट सावलींत हरळी धरत नाहीं, तेथें हट्ट सोडावा. हिंवाळ्यांत पाणी दिलेल्या हिरवळींत चंदनबटवा येतो, तो मार्गशीर्षापूर्वीं उपटला म्हणजे झालें.

आतां तणनाशकाविषयीं. दुकानांतून टू-फोर-डी नांवाचें औषध मिळतें. तें रुंद पानाचें तण मारतें व गवतास सहसा इजा करीत नाहीं, म्हणून हिरवळीस तें सोयीचें वाटतें. परंतु पऱ्हाटी या औषधापुढें फार नाजूक आहे. वाऱ्यानें उडालेल्या तुषारांनींहि तिचीं पानें अरुंद होऊन भेंडीच्या पानासारखीं फाटतात व पात्या गळतात. ज्या पंपांत हें औषध भरलें, तोच नुसता विसळून पुढें पऱ्हाटीवर चालविल्यासहि हेंच होतें. आपल्याकडे घराच्या कुंपणाला लागून वावर असतें; गुंठाभर हिरवळीसाठीं एकराची पऱ्हाटी पणास लावणें मला शहाणपणाचें दिसत नाहीं. शिवाय २०१७ सालीं आपल्याच यवतमाळ जिल्ह्यांत पऱ्हाटीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन विसांच्या आसपास माणसें दगावलीं. तीं औषधें निराळीं होतीं; पंप पाठीवर घेणारा माणूस मात्र तोच आहे. गुंठाभर जागेस खुरपें व अर्ध्या दिवसाचें काम पुरतें.

कुंपणाबाहेरची रस्त्याकडेची जागा आपण निंदूं शकत नाहीं, आणि गाजरगवताचें बीं तेथूनच आंत येतें. तेथें तरोटा उपयोगी पडतो. दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेंगा वाळतात. उकलण्यापूर्वीं त्या तोडून बीं ठेवावें व मृगाच्या आधीं कुंपणाच्या बाहेरील बाजूस दाट फेकावें. तरोटा जोमानें वाढून गाजरगवतास दाबतो, आणि आषाढांत त्याच्या कोंवळ्या पानांची भाजीहि होते. मात्र आंतल्या बाजूस उगवलेला तरोटा फुलण्यापूर्वीं काढावा.