बोअर आटले की बुजले?

गोदाकाठचा गाळाचा पट्टा वगळला, तर बीड जिल्ह्याची जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर उभी आहे. या काळ्या पाषाणाची पारगम्यता, म्हणजे पाणी वा वायू आतून वाहू देण्याची क्षमता, मुळातच अत्यल्प असल्यामुळे पाणी सापडते ते मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. साहजिकच आष्टी-पाटोद्याच्या माळावरील विंधन विहिरीचे आयुष्य तिला छेदणाऱ्या दोन-तीन भेगांवर अवलंबून राहते, आणि त्या भेगांची तोंडे बुजली की खडकात पाणी असूनही बोअर आटल्यासारखे वागते.

विहिरीच्या भिंतीलगतच्या या अडथळ्याला तेल-वायू अभियंत्यांनी १९५३ मध्ये ‘स्किन’ असे नाव देऊन तो मोजण्याची रीत घातली. कमी पारगम्यतेच्या वायुसाठ्यांत खोदकामाचे पाणी केशाकर्षणाने सूक्ष्म छिद्रांत शिरून वायूची वाट अडवते. बीडच्या खडकात अडवणूक होते ती दगडाच्या भुकटीने, पण गणित तेच आहे. पाणी चहूबाजूंनी बोअरकडे येताना वाट अरुंद होत जाते आणि दाबाचा मोठा भाग शेवटच्या काही हातांतच खर्च होतो. एकजिनसी खडक गृहीत धरून, ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या बोअरभोवती केंद्रापासून ३० सेंटिमीटरपर्यंतची पारगम्यता दहाव्या हिश्शावर आली, तर १०० मीटर अंतरावरून येणारा प्रवाह मूळच्या सुमारे ३७ टक्केच उरतो. भेगाळ खडकात आकडे बदलतील, परंतु एवढ्याशा कड्याचे मोल यावरून कळावे.

ही हानी पुष्कळदा पहिल्याच दिवशी होते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने केलेली भुकटी पाण्यात कालवली जाऊन भेगांत लिंपली जाते, त्यातच दोन थरांमधील तांबड्या गेरूचा चिखल मिसळतो, आणि बोअरच्या गाडीला पुढच्या गावी जायची घाई असल्याने फ्लशिंग, म्हणजे हवेने बोअर धुऊन काढणे, अर्ध्यावर थांबते. पाणी नितळ येईपर्यंत ते चालू ठेवण्याची अट मालकाने सौद्याच्या वेळीच घालावी. केसिंग पाइप कुठवर उतरवायचा हेही तेव्हाच ठरावे, कारण वरच्या मुरमातील झरा आंधळ्या पाइपाआड गेला, तर वाहते पाणी आपल्याच हाताने बंद केल्यासारखे होते.

सर्वांत क्लेशदायक हानी मात्र सद्हेतूने होते. दुष्काळाने पोळलेल्या गावांत पुनर्भरणाचा उत्साह मोठा असतो आणि तो योग्यच आहे. पण ओढ्याचे गढूळ पाणी गाळणीशिवाय थेट बोअरमध्ये सोडले, की सोबतचा बारीक गाळ भेगांत खोलवर जाऊन बसतो आणि मग तो काढणे फार अवघड होते. आधी गाळ बसण्यासाठी खड्डा, नंतर दगड, खडी व वाळूचे थर, आणि त्यांची दर पावसाळ्यापूर्वी साफसफाई, एवढे जमत नसेल तर बोअरमध्ये पाणी सोडूच नये.

निदानासाठी पंप पुरेसा वेळ बंद ठेवून स्थिर पाणीपातळी मोजावी, मग ठरावीक वेळ उपसा करून पातळी किती मीटर उतरली आणि मिनिटाला किती लिटर पाणी मिळाले हे नोंदवावे. स्थिर पातळी गेल्या वर्षी त्याच महिन्यात होती तेवढीच असून तेवढ्याच उपशाला पातळी कितीतरी अधिक खाली जात असेल, तर भेगा बुजल्याचा संशय रास्त ठरतो. अशा वेळी कर्ज काढून आणखी खोल जाण्याआधी हवेने बोअर धुऊन घ्यावे. तेवढ्याने न भागल्यास जलभंजनाचा, म्हणजे बोअरचा काही भाग बंदिस्त करून उच्च दाबाच्या पाण्याने भेगा मोकळ्या करण्याचा विचार भूवैज्ञानिकाच्या सल्ल्याने करावा. स्थिर पातळीच खाली गेली असेल, तर मात्र धुण्याचा खर्च व्यर्थ आहे. तिथे उपसा कमी करावा लागतो, आणि तो शेजारच्या बोअरमालकांशी बोलल्याशिवाय कमी होत नाही.