पुच्छधारी फुलपाखरें व त्यांचें वर्गीकरण

सृष्टींतील प्राण्यांस नांवें देणें हें मनुष्याचें फार जुनें काम आहे. परंतु नांव देणें निराळें आणि ओळख पटणें निराळें. शेजारच्या दोन घरांतील दोन मुलें चेहऱ्यानें सारखीं दिसलीं म्हणून तीं भावंडें ठरत नाहींत, आणि एकाच आईच्या पोटचीं दोन मुलें एक गोरें व एक सांवळें निपजलें म्हणून त्यांचें नातें तुटत नाहीं. प्राणिशास्त्रांत ज्यास वर्गीकरण म्हणतात तें या नात्याचाच शोध होय. हा शोध किती कसोशीनें करावा लागतो, हें विद्यार्थिमित्रांस दाखविण्यासाठीं आम्ही येथें पुच्छधारी फुलपाखरांचें उदाहरण घेत आहों. हीं फुलपाखरें आपल्या अंगणांतलीं आहेत. त्यांसाठीं दूरचा प्रवास किंवा महागडें यंत्र लागत नाहीं.

प्रथम नांवाचा विचार करूं. इंग्रजींत यांस 'स्वॅलोटेल', म्हणजे भिंगरी पक्ष्यासारख्या शेंपटीचें फुलपाखरूं, असें म्हणतात. यांपैकीं पुष्कळांच्या मागील पंखांस खालच्या बाजूला एकेक लांबट टोंक असतें. त्यावरून हें नांव पडलें. शास्त्रांत या कुलास 'पॅपिलिओनिडी' अशी संज्ञा आहे. साऱ्या जगांत या कुलाच्या साडेपांचशेंहून अधिक जाति असून भारतांत त्यांपैकीं शंभरांहून अधिक आढळतात. परंतु 'पुच्छधारी' हें नांव ऐकून जो विद्यार्थी केवळ शेंपटी शोधीत बसेल तो लवकरच फसेल. लिंबाच्या झाडाभोंवतीं घिरट्या घालणारें, काळ्या पंखांवर फिकट पिंवळे ठिपके असलेलें 'लाइम' फुलपाखरूं याच कुलांतील आहे. पण त्यास शेंपटी नाहीं. उलट, निळ्या रंगाच्या लहानशा फुलपाखरांचें जें कुल आहे, त्यांतील कित्येकांस केसासारखीं बारीक पुच्छें असतात. तथापि तीं या कुलांत मोडत नाहींत. सारांश, शेंपटी हें नांवाचें कारण आहे, नात्याचा पुरावा नव्हे.

मग खरा पुरावा कोणता? तो तीन ठिकाणीं सांपडतो.

पहिला पायांत. या कुलांतील नर व मादी या दोघांचेही सहा पाय पूर्ण वाढलेले व चालण्याच्या उपयोगाचे असतात. दुसऱ्या एका मोठ्या कुलांत पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशीं दुमडलेले असतात, त्यामुळें तें फुलपाखरूं चार पायांवर उभें राहिलेलें दिसतें. मात्र सहा पाय इतर कांहीं कुलांतही असतात, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊं नये.

दुसरा पुरावा पंखांच्या शिरांत. या कुलांत पुढील पंखाच्या मुळाशीं एक आखूड शीर निघून ती स्वतंत्रपणें पंखाच्या खालच्या कडेस मिळते, आणि मागील पंखांत शरीराकडील बाजूस, इतरत्र दोन शिरा असतात त्या जागीं, एकच शीर असते.

तिसरा पुरावा सर्वांत निश्चित, आणि तो फुलपाखरांत नसून सुरवंटांत आहे. या कुलांतील सुरवंटास काडीनें हळूच स्पर्श केला असतां डोक्याच्या मागून एक मऊ, ओलसर, दुभंगलेलें शिंग एकदम बाहेर पडतें व उग्र वास सुटतो. शत्रूस दूर ठेवण्याचें हें त्याचें साधन आहे. संकट टळलें कीं तें शिंग पुनः आंत ओढलें जातें. असें अंग इतर कोणत्याही फुलपाखरांच्या सुरवंटांत नाहीं. म्हणजे ज्या गुणावरून हें कुल खात्रीनें ओळखावें, तो गुण रंगीबेरंगी पंख येण्यापूर्वींच सरलेला असतो!

आतां या कुलाच्या शाखा पाहूं. विद्वानांनीं त्याचीं तीन उपकुलें मानलीं आहेत. पहिल्यांत एकच जाति असून ती मेक्सिको देशांत आढळते; तिचें नांव बॅरोनिया. दुसरें 'अपोलो' फुलपाखरांचें. यांतील पुष्कळ जाति हिमालयासारख्या थंड पर्वतांत राहतात व बहुतेकांस शेंपटी नसते. तिसरें उपकुल सर्वांत मोठें असून आपल्या प्रांतांतील साऱ्या जाति त्यांतच येतात. त्याचीं तीन गोत्रें आपणांस महाराष्ट्रांत पाहावयास मिळतात, आणि विशेष हा कीं हीं गोत्रें त्यांच्या सुरवंटांच्या अन्नावरून बहुधा ओळखतां येतात.

पहिलें गोत्र सापसंदाच्या वेलीवर वाढणारांचें. 'कॉमन रोझ', 'क्रिमझन रोझ' आणि सह्याद्रींतील भव्य 'सदर्न बर्डविंग' हीं यांत येतात. सापसंदांत एक विषारी द्रव्य असतें. सुरवंट तीं पानें खाऊन तें विष आपल्या अंगांत सांठवितो व तें पुढें फुलपाखरांतही राहतें. त्यामुळें पक्षी यांच्या वाटेस सहसा जात नाहींत, आणि हीं फुलपाखरेंही निर्धास्तपणें, संथ गतीनें उडतात.

दुसरें गोत्र खुद्द 'पॅपिलिओ' वंशाचें. यांतील कित्येकांचे सुरवंट लिंबू, पपनस, बेल, कढीलिंब अशा एकाच वनस्पतिकुलांतील झाडांवर वाढतात. वर सांगितलेलें 'लाइम', 'कॉमन मॉर्मन' आणि 'ब्लू मॉर्मन' हीं यांत येतात. ब्लू मॉर्मनचा पंखविस्तार सुमारें १२ ते १५ सेंटिमीटर असून काळ्या पंखांवर निळ्या रंगाचे मोठे पट्टे असतात. इ. स. २०१५ मध्यें महाराष्ट्र शासनानें यास राज्य फुलपाखरूं म्हणून मान दिला. असा मान देणारें महाराष्ट्र हें भारतांतील पहिलें राज्य होय. यास मराठींत राणी पाकोळी किंवा नीलवंत असें म्हणतात. यालाही शेंपटी नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

तिसरें गोत्र चपळ उड्डाण करणारांचें. काळ्यावर हिरव्या ठिपक्यांचें 'टेल्ड जे' व निळ्या पट्ट्याचें 'ब्लूबॉटल' हीं यांत मोडतात. टेल्ड जेचे सुरवंट सीताफळ, सोनचाफा व रस्त्यांच्या कडेस लावलेला उंच खोटा अशोक यांवर सांपडतात. ब्लूबॉटलचे दालचिनीच्या जातीच्या झाडांवर. या गोत्रांतील नर ओलसर वाळूवर थव्यानें बसून पाणी शोषतांना पुष्कळदां दिसतात.

एथवर सर्व सरळ आहे. आतां खरी अडचण सांगतों.

कॉमन मॉर्मनचा नर काळा असून त्याच्या मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ असते. त्याची मादी मात्र तीन रूपांत आढळते. एक रूप अगदीं नरासारखें. दुसऱ्या रूपांत मागील पंखाच्या मध्यावर पांढरे डाग व कडेस तांबड्या चंद्रकोरी. तें हुबेहूब कॉमन रोझसारखें दिसतें. तिसऱ्या रूपांत पुढील पंखांवर पांढरे पट्टे व मागील पंखांवर तांबडे ठिपके. तें क्रिमझन रोझची नक्कल होय. एका नराच्या अशा अनेक प्रकारच्या माद्या पाहून इंग्रजांनीं यास 'मॉर्मन' हें नांव ठेविलें.

लिनीयस या थोर स्वीडिश शास्त्रज्ञानें इ. स. १७५८ मध्यें आपल्या 'सिस्टिमा नॅच्युरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत फुलपाखरांस शास्त्रीय नांवें दिलीं. या कुलांतील मोठ्या फुलपाखरांस त्यानें ट्रॉयच्या युद्धांतील वीरांचीं नांवें वांटून दिलीं. क्रिमझन रोझ 'हेक्टर' झाला. मॉर्मनचा नर 'पॅमॉन' झाला आणि त्याची निराळी दिसणारी मादी 'पॉलिटीस' झाली. ग्रीक कथेप्रमाणें पॅमॉन व पॉलिटीस हे दोघे प्रायम राजाचे पुत्र, हेक्टरचे भाऊ. म्हणजे जे वस्तुतः पतिपत्नी होते ते ग्रंथांत दोन भाऊ होऊन बसले! पुढें मादीच्या तिसऱ्या रूपासही 'रोम्युलस' असें वेगळ्या जातीचें नांव मिळालें. यांत लिनीयसची निंदा करण्याचें कारण नाहीं. तो आशियांत कधीं आला नव्हता. त्याच्यापुढें होतीं तीं टांचणीनें टोंचलेलीं वाळकीं फुलपाखरें. मेलेल्या पंखांवरून रंग कळतो, नातें कळत नाहीं.

हें कोडें सोडविण्याचें श्रेय आल्फ्रेड रसेल वॉलेस याजकडे जातें. त्यानें इ. स. १८५४ ते १८६२ पर्यंत मलाया द्वीपसमूहांत भ्रमण केलें व इ. स. १८६५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हीं सर्व रूपें एकाच जातीचीं आहेत असें दाखविलें. त्यापूर्वीं थोडींच वर्षें, इ. स. १८६२ मध्यें, हेन्री बेट्स यानें असें प्रतिपादिलें होतें कीं निरुपद्रवी प्राण्यानें बेचव प्राण्याचें रूप घेतलें तर शत्रु त्यासही टाळतात. मॉर्मनचे सुरवंट लिंबाचीं पानें खातात, त्यांत तें विष नाहीं; म्हणून मादी रोझचा वेष घेऊन पक्ष्यांपासून बचावते. क्रिमझन रोझ जेथें उडत नाहीं तेथें रोम्युलस हें रूपही सहसा आढळत नाहीं, यावरून या कारणास बळकटी येते.

यापुढील शोध अंडीं वाढवून झाला. इंग्लंडांतील क्लार्क व शेपर्ड या द्वयानें इ. स. १९७२ मध्यें दाखविलें कीं मादीचें रूप आनुवंशिक द्रव्यांतील एकाच स्थानावरून ठरतें. एकाच मादीच्या अंड्यांतून निरनिराळ्या रूपांच्या मुली जन्मूं शकतात, आणि मुलगे हा गुण वाहून नेतात तरी स्वतः दाखवीत नाहींत. इ. स. २०१४ मध्यें कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें स्थान म्हणजे 'डबलसेक्स' नांवाचें जनुक होय असें सिद्ध केलें. नर कोणता व मादी कोणती हा भेद शरीरांत घडवून आणणारें हेंच जनुक येथें मादीच्या पंखांवरील वेषही ठरवितें. जो प्रश्न १७५८ मध्यें उपस्थित झाला, त्याचें उत्तर पुरें होण्यास अडीचशें वर्षांहून अधिक काळ लागला.

आतां विद्यार्थी विचारील, "अंगणांत उडणारें फुलपाखरूं रोझ आहे कीं रोझच्या वेषांतील मॉर्मन आहे, हें आम्हीं कसें ओळखावें?" त्यास आमचें उत्तर असें: पंख पाहूं नका, धड पहा. रोझचें डोकें व पोट तांबडें असतें, मॉर्मनचें काळें. मग उड्डाण पहा. रोझ संथ तरंगतें, मॉर्मन घाईनें व वेडेंवांकडें उडतें. शेवटीं मादी अंडें कोठें घालते तें पहा. ती सापसंदाच्या वेलीवर उतरली तर रोझ, कढीलिंबावर उतरली तर मॉर्मन. वेष फसवील, पण आई आपल्या लेंकरांचें अन्न ओळखण्यांत सहसा चुकत नाहीं.

अशीच परीक्षा 'कॉमन माइम' या दुसऱ्या नकलाकाराची घ्यावी. त्याचें एक रूप तपकिरी 'कॉमन क्रो'सारखें व दुसरें निळसर पट्ट्यांच्या 'ब्लू टायगर'सारखें असतें. पण क्रो व टायगर चार पायांवर उभीं राहतात आणि माइम सहा पायांवर. ज्यानें पाय मोजले त्यास तें फसवूं शकत नाहीं.

हें सर्व स्वतः पाहण्यास एक कुंडी पुरे. कढीलिंबाचें रोप उजेडांत ठेवावें व कोवळ्या पानांवर मोहरीहून लहान, गोल, फिकट पिंवळीं अंडीं शोधावीं. कांहीं दिवसांनीं बाहेर येणारा सुरवंट प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळापांढरा दिसतो. शेवटची कात टाकल्यावर तो पानासारखा हिरवा होतो. मग तो रेशमाचा एक पट्टा कंबरेभोंवतीं बांधून काडीस टेकतो व कोश होतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सुमारें एक महिना ते पांच आठवडे लागतात. अंडें दिसल्याची तारीख, झाडाचें नांव, प्रत्येक कात, कोशाचा रंग, आणि शेवटीं बाहेर आलेल्या फुलपाखराचें रूप, हें सर्व वहींत लिहावें. फुलपाखरें पकडून टांचणीनें टोंचूं नयेत. वर सांगितलेला इतिहास त्या पद्धतीची मर्यादा पुरेशी दाखवितो.

आणखी एक विनंति. लिंबाच्या चार पानांसाठीं सुरवंट चिरडण्याची आणि कुंपणावरील सापसंदाची वेल रानटी म्हणून उपटण्याची चाल सर्वत्र आहे. वेल गेली कीं रोझ गेलें, आणि रोझ गेलें कीं त्याच्या वेषानें बचावणाऱ्या मॉर्मनच्या मादीचें संरक्षणही गेलें. ज्या दोन फुलपाखरांत रक्ताचें जवळचें नातें नाहीं, त्यांचें नशीब एका वेलीनें असें एकत्र बांधलें आहे. म्हणून सापसंद दिसेल तेथें ती राखावी, सुरवंटास चार पानें द्यावीं, आणि कोणत्याही जीवाचें नांव ठरविण्यापूर्वीं त्याचें सबंध जीवन पाहण्याची संवय लावून घ्यावी.