परक्याचा जीव आणि न्यायासन

कसबा बावड्याहून फार दूर नसलेल्या वळिवडे गावी १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. तो आश्रय दयेचा होता. परंतु ‘मला घालवू नका’ असे परक्यास हक्काने म्हणता येते काय?

पहिली गोष्ट. १९९१ साली एका बेल्जियन मिशनऱ्याच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, येथे स्थायिक होण्याचा हक्क नागरिकांचाच आहे. परक्यास घटनेच्या २१ व्या कलमाने जीवित व स्वातंत्र्य यांपुरते रक्षण मिळते.

दुसरी गोष्ट. १९९८ साली दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणी गुजरात उच्च न्यायालयाने त्याच कलमाचा अर्थ उलगडला. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर भारताची सही नाही. तथापि परत धाडल्याने ज्याच्या जिवावर बेतेल, त्यास तेथे धाडू नये, हे तत्त्व २१ व्या कलमातच आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्याच्या राहण्याने देशाच्या सुरक्षिततेस बाध येता कामा नये.

हे निर्णय परस्परांस खोडीत नाहीत. राहू देणे सरकारच्या हाती आहे. जीव मात्र कायद्याच्या रक्षणाखाली आहे.

विचारार्थ प्रश्न : परक्याची चौकशी करणे व त्यास मृत्यूच्या तोंडी देणे, यांत भेद कोणता?