चालतात पाय, किडनीला काय?

प्रश्न : माझं वय ५२. नांदेडला जुन्या मोंढ्यात किराणा दुकान आहे, दिवसभर गल्ल्यावर बसून असतो. वजन ८८ किलो, शुगर नऊ वर्षांपासून. यंदा लघवीतून प्रथिनं जातात असं तपासणीत निघालं, क्रिएटिनिन मात्र बरोबर आहे. तेव्हापासून पहाटे गोवर्धन घाटाकडे चालायला जातो. शेजारचे काका म्हणतात, किडनीला धक्का लागलाय तर तिला आराम द्या, घाम गाळू नका. मुलगी म्हणते, चालाच. मला एकच कळत नाही : चालतात पाय, मग पाठीत बसलेल्या किडनीला त्याचं काय?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : मुलीचं ऐका. काकांच्या म्हणण्यातही थोडं तथ्य आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लीटर पाणी गाळतात आणि दीड-दोन लीटर लघवी सोडून बाकी सगळं रक्तात परत घेतात. गाळणी म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुंता. एका नळीने रक्त आत येतं, दुसरीने बाहेर जातं. रक्त आत आणणारी नळी किती उघडायची हे ठरवण्यासाठी किडनी गाळलेल्या पाण्यातलं मीठ मोजत असते. शुगर वाढली की नेमकी इथं फसगत होते. गाळलेल्या पाण्यातली जादा साखर परत ओढताना सोबत मीठही ओढलं जातं. पुढे मीठ मोजणाऱ्या पेशींपर्यंत ते कमी पोचतं. त्या समजतात, गाळणं मंदावलंय, आणि आत येणारी नळी आणखी उघडायला लावतात. झालं, गाळणीतला दाब चढला.

अर्धापूरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही. ठिबकमध्ये मोटारीचा दाब बेसुमार चढला तर सुरुवातीला पाणी भरपूर दिसतं. मग एकेक ड्रिपर उडायला लागतो. किडनीतही सुरुवातीची काही वर्षं गाळण्याचा वेग नेहमीपेक्षा जास्त भरू शकतो आणि क्रिएटिनिन छान येतं. म्हणून तुमच्या क्रिएटिनिनवर मी विसंबणार नाही. खरी खबर लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाने दिली आहे. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गाळणी झिरपायला लागली, ३०० च्या वर म्हणजे इजा बरीच पुढे गेली. तुमचा आकडा किती, ते रिपोर्ट काढून पाहा. शुगर असलेल्या प्रत्येकाने ही तपासणी वर्षातून एकदा करायलाच हवी. पाय सुजेपर्यंत थांबणारी माणसं आपल्याकडे फार आहेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तोवर वाचवण्यासारखं पुष्कळसं निघून गेलेलं असतं.

लठ्ठपणा याच गाळणीवर दुसरीकडून भार टाकतो. शरीर वाढतं, गाळण्यांची संख्या मात्र जन्मापासून ठरलेली. मग प्रत्येक गाळणी फुगते, ताणली जाते, आणि तिला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी सुटू लागतात. त्या पेशी पुन्हा सहजासहजी तयार होत नाहीत. पोटातली चरबी बीपी वाढवते, शरीराचं इन्सुलिनला दाद देणं कमी करते. आपल्या लोकांत ही चरबी बेताच्या वजनातही साठते, म्हणून काट्याबरोबर कमरेचा घेरही मोजा : पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८० ही सीमा.

आता पाय. मांडी आणि पोटरी हे शरीरातले मोठे स्नायू. ते हलायला लागले की रक्तातली साखर आत घेणारी दारं इन्सुलिनची वाट न पाहता उघडतात. चालणं थांबल्यावरही इन्सुलिनचा गुण दिवसभर, कधी दोन दिवस, चांगला येत राहतो. साखर उतरली की गाळणीतली ती मिठाची फसगत कमी होते. रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी थोडं उतरतं. महिने सरतील तशी पोटातली चरबी घटते. म्हणजे किडनीला थेट काही मिळत नाही. तिच्या वाट्याला येणारा मारा कमी होतो, आणि तिला तेवढंच हवं असतं. सलग दोन दिवस खाडा करू नका, हे त्या दारांच्या हिशेबानेच सांगतो.

पुरावा काय, असं तुमची मुलगी विचारेल. अमेरिकेत शुगर आणि जादा वजन असलेल्या ५,१४५ जणांवर ‘लुक अहेड’ नावाचा मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना आहार आणि आठवड्याला १७५ मिनिटांच्या व्यायामाची शिस्त लावली. साधारण आठ वर्षांनी त्यांच्यात किडनीच्या अति-जोखमीच्या आजाराचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी दिसलं. श्रेय एकट्या चालण्याला देता येत नाही, आहार आणि घटलेलं वजनही त्यात आहे. पण २०२२ साली सत्तरीपुढच्या, बैठं आयुष्य असलेल्या सुमारे बाराशे जणांचा अभ्यास आला. त्यात भर चालण्यावर होता. दोन वर्षांत व्यायाम करणाऱ्यांच्या किडनीचं काम थोडं सावकाश उतरलं. फरक लहान होता, पण हाती गोळी नव्हती, पायताण होतं.

आपल्याकडे यासाठी जमीन तयार आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्या वेळी शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं हा मंत्र घरोघर नेला. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची. २०१८ मध्ये राज्य सरकारने दीक्षितांना स्थूलताविरोधी मोहिमेचा चेहरा केलं. चालण्याला गावागावांत जी प्रतिष्ठा आली, त्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तुम्हाला मात्र दोन गोष्टी सांगतो. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर हा झपाझप वेग आहे. ८८ किलोंच्या माणसाने तिथवर दोन-तीन महिन्यांत पोचावं. आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने लांबवू नका. किडनी मंदावली की काही औषधं आणि इन्सुलिन अंगात जास्त रेंगाळतात आणि साखर धाडकन उतरू शकते. चालताना खिशात साखरेची पुडी असू द्या.

आता काकांचं तथ्य. चालताना रक्त पायांकडे वळतं आणि किडनीकडे जाणारं कमी होतं. फार दमछाक केली तर लघवीत थोडी प्रथिनंही उतरतात, ती एक-दोन दिवसांत जातात. म्हणून अल्ब्युमिनच्या तपासणीआधी एक दिवस जोराचा व्यायाम नको, आणि नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. तापात किंवा लघवीला जळजळ असताना केलेली तपासणीही फसवते. एवढं सोडलं तर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, अशा चालीने किडनीचं नुकसान होत नाही.

नुकसान होतं ते वेगळ्याच वाटेने. मे महिन्यात आठ वाजताच नांदेडचं ऊन चटका देतं. उशिरा निघालेला माणूस पाणी न पिता घामाघूम होतो, उन्हाळी लागते, गुडघे धरतात. परतताना तो मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतो. आटलेलं शरीर, शुगरची किडनी आणि वर ही गोळी, यातून एका आठवड्यात किडनी बसू शकते. बीपीच्या काही गोळ्या किंवा शुगरवरचं डॅपाग्लिफ्लोझिन चालू असेल तर जोखीम वाढते. कळवळून सांगतो, ही वेदनाशामकं स्वतःहून घेऊ नका. गुडघा दुखला तर दोन दिवस चाल कमी करा, सायकल चालवा, डॉक्टरांना विचारा. उन्हाळ्यात साडेपाचला निघा. पाण्याला तुम्हाला मनाई नसेल तर निघण्याआधी आणि आल्यावर प्या. बूट पायाच्या मापाचे घ्या आणि रोज रात्री तळवे बघा, कारण शुगरमध्ये खडा रुतलेला कळत नाही. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. पडद्यात रक्तस्रावाची भीती असेल तर उड्या आणि जड वजन वर्ज्य.

आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालण्याच्या बदल्यात सोडू नका. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतात, डॅपाग्लिफ्लोझिन आत आणणारी आवरतं. तुमचं चालणं त्यांच्या जोडीला आहे.

प्रश्न : पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात राबते. नळ आला की वर पाणी चढवायचं, धुणं, भाकऱ्या. तरी शुगर आणि वजन आहेच. मी वेगळा व्यायाम कशाला करू?
— एक गृहिणी, लातूर

उत्तर : ताई, तुमच्या कामाला व्यायाम न म्हणणं अन्यायाचं होईल. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरच्या बायकांनी किती घागरी वाहिल्या, ते तुम्ही पाहिलंच असेल. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये सलग दहा मिनिटांची अट काढून टाकली. श्वास वाढवणारं थोडं थोडं कामही जमेस धरतात.

अडचण अशी की भाकऱ्या, भांडी, निवडणं यात हात आणि कंबर दमते, छातीचा भाता हलत नाही. दमणूक आणि दम लागणं यात फरक आहे. जिना चढून पाणी नेताना दम लागतो, तो हिशेबात धरा. त्यात दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटांची चाल घाला, गच्चीवर किंवा गल्लीत. जेवणानंतर चढणारी साखर त्याने लगेच आवरते. आठवड्याला दीडशे मिनिटं व्हायला हवीत, आणि ही रोजची तीस मिनिटंच २१० होतात. पण त्या वेळी घरच्यांनी भांडी घासायला हवीत, हे पत्र त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : भावाचं डायलिसिस चालू आहे. आता चालून काय उपयोग?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : गेलेल्या गाळण्या चालण्याने परत येत नाहीत, आणि तसं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. पण डायलिसिसवर स्नायू झपाट्याने झिजतात. आठवड्यातून तीनदा चार-चार तास पडून राहिल्यावर दोन पायऱ्याही जड वाटतात. डायलिसिस नसलेल्या दिवशी पाच-दहा मिनिटं सावकाश चालणं, खुर्चीवरून उठणं-बसणं, एवढ्याने पायात बळ राहतं, झोप सुधारते. डॉक्टरांना आधी विचारा. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा त्या दिवशी बीपी फार चढ-उतार करत असेल तर थांबा. पाणी ठरवून दिलंय तेवढंच. आणि डायलिसिसची सुई टोचण्यासाठी केलेला फिस्टुला ज्या हातावर आहे त्यावर पिशवी अडकवू नका, त्या हाताचं बीपीही मोजू देऊ नका.